मतदानाच्या पाळ्या आणि प्रचाराची वाटणी

२४ एप्रिल २०२४ रोजी सायंकाळी सहा वाजता परतूर आणि घनसावंगी या दोन विधानसभा क्षेत्रांतले ध्वनिक्षेपक बंद झाले. ही दोन्ही क्षेत्रे जालना जिल्ह्यातली. परंतु २००८ च्या पुनर्रचनेपासून लोकसभेसाठी ती परभणी मतदारसंघात मोडतात, आणि परभणीचे मतदान २६ तारखेला होते. मतदान संपण्यापूर्वीचे ४८ तास सभा-मिरवणुका बंद ठेवाव्यात असा कायदा आहे, त्याप्रमाणे तेथे शांतता झाली. दुसऱ्याच दिवशी, म्हणजे २५ एप्रिलला, जालना लोकसभा मतदारसंघात उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत संपत होती. जालन्याचे मतदान १३ मे रोजी व्हायचे होते. एकाच जिल्ह्याच्या एका भागात प्रचार आटोपला आणि दुसऱ्या भागात उमेदवारांची यादीसुद्धा अजून कायम झालेली नाही, अशी ही स्थिती होती. परतूर आणि जालना ही एकाच लोहमार्गावरची स्थानके. पण त्या वर्षी त्यांच्या मतदानात सतरा दिवसांचे अंतर पडले.

हे काही एका वर्षाचे नवल नव्हे. २०१४ साली परभणीने १७ एप्रिलला मत दिले आणि जालन्याने २४ एप्रिलला. २०१९ साली परभणीचा दिवस १८ एप्रिल, तर जालन्याचा २३ एप्रिल. सलग तीन लोकसभा निवडणुकांत या जिल्ह्याचा एक तुकडा आधी मतदान करतो आणि उरलेला नंतर. तेव्हा ‘आधी मत देणाऱ्या प्रदेशाला प्रचारातला किती वाटा मिळतो’ हा प्रश्न वरकरणी अमेरिकेतल्या अध्यक्षीय निवडणुकीचा वाटला, तरी तो आपल्या उंबऱ्यापाशीच उभा आहे. अमेरिकेचे उदाहरण मात्र आधी पाहिले पाहिजे. कारण तेथे हा प्रकार अगदी टोकाला गेलेला आहे आणि टोकाचे उदाहरण पाहिले म्हणजे मधले समजते.

प्रथम एक साधा भेद ध्यानात घ्यावा. प्रचाराची साधने दोन प्रकारची असतात. काही जागची हलत नाहीत: गावातला कार्यकर्ता, मतदारयादीचे पान हाताशी धरून घरोघर जाणारा तरुण, उमेदवाराचे नातेगोते, त्याच्या संस्था, त्याने केलेली किंवा न केलेली कामे. दुसरी साधने फिरती असतात: पक्षाचे मोठे नेते, त्यांचे हेलिकॉप्टर, बाहेरून आलेले संघटक, जाहिरातीचा पैसा. सगळीकडे एकाच दिवशी मतदान असेल, तर फिरती साधने वाटून द्यावी लागतात. एका ठिकाणी दिली की दुसऱ्या ठिकाणी नाहीत. पण मतदान पाळीपाळीने असेल, तर तेच साधन आज येथे आणि उद्या तेथे वापरता येते. कालव्याच्या पाण्याशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना हे अधिक फोड करून सांगण्याची गरज नाही. सगळ्या चाऱ्या एकदम सोडल्या तर प्रत्येकीला धार बारीक. पाळी लावली तर प्रत्येकीला पुरेसे पाणी, पण ठराविक दिवशीच. आणि पाळी आली की तंटाही आला: आधी कोणाला?

अमेरिकेत अध्यक्षपदाची मुख्य निवडणूक एका दिवशी होते. परंतु पक्षाचा उमेदवार कोण, हे ठरविण्यासाठी त्याआधी राज्याराज्यांत पक्षांतर्गत मतदान होते आणि ते महिनोन्‌महिने चालते. त्यात आयोवा आणि न्यू हॅम्पशायर ही दोन छोटी राज्ये दीर्घकाळ आघाडीवर राहिली. न्यू हॅम्पशायरने आपले मतदान सर्वांआधी झाले पाहिजे असा कायदाच करून ठेवला आहे. आयोवात ‘कॉकस’ भरते. म्हणजे पक्षाचे अनुयायी संध्याकाळी शाळेत, चर्चमध्ये किंवा सार्वजनिक सभागृहात जमतात आणि तेथे पसंती देतात. न्यू हॅम्पशायरची लोकसंख्या २०२० च्या शिरगणतीत १४ लाखांहून कमी भरली. आपल्या जालना जिल्ह्याची २०११ सालीच १९ लाख ५९ हजार होती. एवढ्याशा राज्यात इच्छुक उमेदवार वर्ष-वर्ष आधी मुक्काम ठोकतात, खाणावळीत बसून लोकांशी बोलतात, शेतावर जातात. आयोवात ९९ कौंट्या आहेत; त्या सगळ्या पालथ्या घालणे हे तेथे व्रतासारखे मानले जाते.

एवढ्या लहान राज्यासाठी एवढा खटाटोप का? कारण तेथला निकाल लगेच जाहीर होतो. तो निकाल पुढच्या राज्यांतला मतदार वाचतो, देणगीदार वाचतो आणि वृत्तपत्रेही वाचतात. १९७६ साली जॉर्जियाचे माजी गव्हर्नर जिमी कार्टर यांना राष्ट्रात फारसे कोणी ओळखत नव्हते. त्यांनी आपला वेळ आयोवात ओतला. तेथे सर्वाधिक मते खरे पाहता ‘कोणालाच बांधील नाही’ या रकान्यात पडली होती. कार्टर नाव असलेल्या उमेदवारांत पहिले आले, इतकेच. पण तेवढ्याने ते देशभर माहीत झाले, आणि त्या वर्षअखेर अध्यक्ष म्हणून निवडून आले. थोड्या भांडवलावर आधी पेरावे, आलेल्या पिकावर पुढची पेरणी करावी, असा हा हिशेब आहे.

उलट वागणाऱ्यांचे काय झाले तेही पाहण्याजोगे आहे. २००७ सालभर लोकमताच्या चाचण्यांत न्यूयॉर्कचे माजी महापौर रुडी जुलियानी आपल्या पक्षात आघाडीवर होते. त्यांनी आधीची छोटी राज्ये जवळजवळ सोडून दिली आणि सारी भिस्त फ्लॉरिडावर ठेवली. २९ जानेवारी २००८ रोजी फ्लॉरिडात मतदान होईपर्यंत लोकांचे लक्ष इतरांकडे वळलेले होते. जुलियानी तिसरे आले आणि दुसऱ्या दिवशी शर्यतीतून बाहेर पडले. २०२० साली मायकेल ब्लूमबर्ग यांनी पहिली चार राज्ये वगळली आणि ३ मार्चला एकदम मतदान करणाऱ्या अनेक राज्यांवर स्वतःचा पैसा ओतला. त्यांचा एकूण खर्च १०० कोटी डॉलरांच्या घरात गेला. त्या दिवशी त्यांना एक अमेरिकन सामोआ तेवढे जिंकता आले. ४ मार्चला त्यांनी माघार घेतली. त्याच शर्यतीत जो बायडन आयोवात चौथे आणि न्यू हॅम्पशायरात पाचवे आले होते. २९ फेब्रुवारीला दक्षिण कॅरोलिनाने त्यांना तारले आणि ते अध्यक्ष झाले. तेव्हा पहिल्या पाटावर बसलेल्यालाच जेवण मिळते असेही नाही. रॉन डिसँटिस यांनी आयोवाच्या ९९ कौंट्या फिरून पुऱ्या केल्या, तरी २०२४ च्या जानेवारीत ट्रम्प यांच्यापुढे ते फार मागे राहिले आणि आठवडा उलटण्यापूर्वी त्यांनी माघार घेतली.

आता आपल्याकडे वळू. आपल्या आणि अमेरिकेच्या पाळ्यांत एक मूलभूत फरक आहे, आणि तो ध्यानात न घेता केलेली तुलना फसवी ठरते. आपल्याकडे आधी मतदान होते, पण आधी निकाल लागत नाही. २०२४ मध्ये मतदान १९ एप्रिलपासून १ जूनपर्यंत सात टप्प्यांत झाले आणि मोजणी सर्वांची एकदम, ४ जूनला. परतूरच्या मतदाराने काय केले हे यंत्रात बंद राहिले. मतदान करून बाहेर पडलेल्यांना विचारून अंदाज बांधण्यावरही शेवटचा टप्पा पुरा होईपर्यंत लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ अ अन्वये बंदी असते. म्हणजे कार्टर यांच्यासारखा ‘आधीच्या विजयाचा’ लाभ आपल्याकडे कोणालाच घेता येत नाही. पुढे प्रवास करतो तो निकाल नव्हे, केवळ तर्क. पहिल्या टप्प्यात मतदानाचे प्रमाण २०१९ पेक्षा कमी दिसले, तर त्याचा अर्थ एका पक्षाने एक लावला आणि दुसऱ्याने दुसरा.

मग आपल्याकडे आधीच्या टप्प्याला महत्त्व कशाने येते? फिरत्या साधनांमुळे. महाराष्ट्राच्या ४८ जागांचे मतदान २०२४ मध्ये पाच टप्प्यांत झाले: १९ एप्रिलला ५, २६ एप्रिलला ८, ७ मे रोजी ११, १३ मे रोजी ११ आणि २० मे रोजी १३. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या सभांच्या तारखा या वेळापत्रकाशेजारी मांडून पाहाव्यात. चंद्रपूरचे मतदान १९ एप्रिलला. सभा ८ एप्रिलला. परभणीचे २६ ला. सभा २० ला. नाशिक जिल्ह्यातील पिंपळगाव बसवंतची सभा १५ मे रोजी झाली, दिंडोरीचे मतदान २० मे रोजी. राहुल गांधी यांनी भंडारा जिल्ह्यात साकोलीला सभा घेतली ती १३ एप्रिलला, म्हणजे मतदानाच्या सहा दिवस आधी. पक्ष निराळे, पण पाळीचे गणित एकच. नेत्याचा एक दिवस ही प्रचारातली सर्वांत महाग वस्तू आहे, कारण तो विकत मिळत नाही आणि साठवता येत नाही. मतदानाच्या फार आधी खर्चिला तर विरून जातो. पाच ते दहा दिवस आधी पडला तर उपयोगी, अशी पक्षांची समजूत या तारखांवरून दिसते. राज्याचे सारे मतदारसंघ एका दिवशी असते, तर त्या पाच-दहा दिवसांत ४८ ठिकाणी जाणे कोणाही माणसाला अशक्य होते. ही वाढवून मिळालेली सोय मोठ्या पक्षाच्या अधिक कामी येते हे उघड आहे. ज्याच्याकडे फिरता नेताच नाही, त्याला पाळी लांबली काय आणि आखडली काय सारखेच.

याला पुरावा म्हणून त्याच वर्षीची विधानसभा निवडणूक घ्या. २० नोव्हेंबर २०२४ रोजी राज्यातील २८८ जागांचे मतदान एकाच दिवशी झाले. तेथे नेत्यांचे दिवस फिरवता आले नाहीत, वाटावेच लागले. परतूर आणि जालना एका दिवशी मत देत होते आणि एकाच शेवटच्या आठवड्यासाठी आपसांत स्पर्धा करीत होते.

पाळीपद्धतीत आणखी एक गळती आहे. परतूरमध्ये प्रचार बंद झाला, तरी शेजारी बदनापुरात किंवा दूर दुसऱ्या राज्यात सभा चालूच राहते, आणि ती दूरचित्रवाणीवरून आणि खिशातल्या दूरध्वनीवरून परतूरच्या घरात पोहोचते. ४८ तासांच्या शांततेचा नियम झाला तेव्हा सभेचा आवाज कर्ण्याच्या टप्प्यापलीकडे जात नसे. २०१४ साली भारतीय जनता पक्षाने आपला जाहीरनामा ७ एप्रिलला, म्हणजे आसाम-त्रिपुरात पहिल्या टप्प्याचे मतदान चालू असताना, प्रसिद्ध केला होता. २०१९ मध्ये निवडणूक आयोगाने आचारसंहितेत भर घालून कोणत्याही टप्प्याच्या शांततेच्या काळात जाहीरनामा काढण्यास मनाई केली. जाहीरनामा अडला, भाषण अडलेले नाही. बांध घातला तो एका चारीला, पाणी शेजारच्या शेतातून झिरपतेच.

आता खर्चाच्या हिशेबाकडे येऊ, कारण वाटणीचे खरे इंगित तेथे आहे. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, म्हणजे हा भाग हैदराबाद राज्यात होता तेव्हा, लोकसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा साधारण २५ हजार रुपये होती. २०२४ मध्ये महाराष्ट्रासारख्या मोठ्या राज्यात ती ९५ लाख होती. जालना मतदारसंघात तेव्हा मतदार १९ लाखांहून अधिक. भागाकार केला तर एका मतदारामागे पाच रुपयांच्या आसपास पडतात. तेवढ्यात आज चहाचा कपही येत नाही. तरी हेलिकॉप्टरे उतरतात ती कशी? तर पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. मान्यताप्राप्त पक्षाने चाळीस ‘स्टार प्रचारकां’ची यादी द्यावी, आणि त्यांच्या प्रवासाचा खर्च उमेदवाराच्या खाती धरू नये, अशी कायद्याच्या ७७ व्या कलमात तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये कंवरलाल गुप्ता यांच्या खटल्यात पक्षाचा खर्चही उमेदवाराच्या हिशेबात येऊ शकतो असे म्हटले होते. त्यावर लगेच वटहुकूम काढून कायदा बदलण्यात आला. पुढे २००३ च्या दुरुस्तीने सवलतीला आजचे रूप आले. मर्यादा उमेदवाराला आणि मोकळीक पक्षाला, असे करून ठेवल्यावर मर्यादेचे प्रयोजन काय उरते, हे मला तरी समजलेले नाही.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे आणि तिचा संबंध थेट पाळीशी येतो. उमेदवाराचा खर्च मोजायला सुरुवात होते ती त्याने अर्ज भरल्याच्या दिवसापासून. त्याआधीचा खर्च त्या मर्यादेत येत नाही. २०२४ ची निवडणूक १६ मार्चला जाहीर झाली. परभणीत अर्ज भरण्याची मुदत ४ एप्रिलला संपली, जालन्यात २५ एप्रिलला. जो मतदारसंघ मागच्या पाळीत, तेथल्या इच्छुकाला न मोजलेले दिवस तीन आठवडे अधिक मिळाले. उलट अर्ज मागे घेण्याच्या तारखेपासून मतदानापर्यंत परभणीला अठरा दिवस होते आणि जालन्याला चौदाच. म्हणजे मोजका काळ आखूड आणि बिनमोज काळ लांब. ज्याच्यापाशी साधने आहेत आणि ज्याचे तिकीट लवकर ठरले आहे, त्याला ही मोठीच सवड.

अमेरिकनांनीही अशा वाटा शोधल्या होत्याच. १९७४ च्या कायद्यानंतर सरकारी तिजोरीतून साहाय्य घेणाऱ्या उमेदवाराला प्रत्येक राज्यासाठी खर्चाची वेगळी मर्यादा पाळावी लागे. न्यू हॅम्पशायरची मर्यादा लहान, राज्य महत्त्वाचे. तेव्हा कार्यकर्ते दिवसभर न्यू हॅम्पशायरात राबत आणि रात्री झोपायला सीमेपलीकडे मॅसॅच्युसेट्समधल्या हॉटेलात जात. खोलीचे भाडे शेजारच्या राज्याच्या खाती! मनुष्यस्वभाव सर्वत्र सारखाच, फक्त सराया वेगळ्या.

इतकी जुळवाजुळव करून फळ काय मिळते? येथे जालन्याचा २०२४ चा निकाल विचार करायला लावतो. रावसाहेब दानवे १९९९ पासून सलग पाच वेळा निवडून आलेले, केंद्रात मंत्री, आणि त्यांची उमेदवारी १३ मार्चलाच, निवडणूक जाहीर होण्याच्या आधी, ठरलेली. काँग्रेसचे कल्याण काळे यांचे नाव एप्रिलमध्ये जाहीर झाले. २००९ साली याच दोघांत लढत झाली होती आणि दानवे अवघ्या ८,४८२ मतांनी निवडून आले होते. वेळ, पद, पक्षाचा पैसा, सगळे पाहता २०२४ मध्ये पारडे कोणाचे जड हे सांगायला ज्योतिषी नको होता. पण काळे सुमारे एक लाख दहा हजार मतांनी विजयी झाले. त्याहून लक्षणीय म्हणजे मंगेश साबळे या अपक्ष उमेदवाराला दीड लाखांहून अधिक मते पडली. त्यांच्याकडे ना चाळीसांची यादी, ना आकाशातून येणारा पाहुणा. मराठा आरक्षणाच्या आंदोलनाने २०२३ च्या सप्टेंबरपासून अंबड तालुक्यातून जो वणवा पेटला होता, त्यापुढे प्रचाराच्या पाळ्यांचे पाणी कितपत पुरणार होते? परभणीतही बाहेरून आलेले महादेव जानकर यांच्यासाठी स्वतः पंतप्रधानांची सभा झाली, तरी संजय जाधव एक लाख चौतीस हजारांच्या फरकाने निवडून आले. हलत्या साधनांनी जागची साधने बळकट होतात. त्यांची जागा ती घेऊ शकत नाहीत.

यावरून वाटणीचा प्रश्न क्षुल्लक ठरतो असे मात्र कोणी म्हणू नये. मत कोणाकडे जाते एवढाच निवडणुकीचा विषय नसतो. उमेदवाराला कोणापुढे उभे राहून उत्तर द्यावे लागते, हाही तिचा विषय असतो. परतूर आणि घनसावंगीची अडचण या ठिकाणी आहे. परभणीच्या सहा विधानसभा क्षेत्रांपैकी ही दोन, आणि जिल्हा दुसरा. जालन्याच्या उमेदवाराला तेथे मते मागायची नाहीत, म्हणून तो तेथे जात नाही. परभणीच्या उमेदवाराला जायचे असते. पण त्याचे मुख्य ठाणे परभणी, आणि मोठी सभा होते ती परभणीला. २६ एप्रिलला मतदान झाले की सतरा दिवस जालना शहर, बदनापूर, भोकरदन येथे जिल्ह्याच्याच प्रश्नांवर भाषणे झडतात; जिल्हा रुग्णालय, पिकाचा भाव, पाण्याचे टँकर. त्यांत परतूरच्या मतदाराला श्रोता म्हणून जागा आहे, मतदार म्हणून नाही. त्याची पाळी होऊन गेलेली असते. जायकवाडीचा डावा कालवा अंबड, घनसावंगी, परतूर करीत परभणीकडे जातो. तेथल्या शेतकऱ्याने पाटकऱ्याला निदान विचारावे तरी की पुढचे आवर्तन केव्हा. मतदाराचे पुढचे आवर्तन पाच वर्षांनी.

टप्पे पाडावे लागतात ते प्रामुख्याने बंदोबस्तासाठी. केंद्रीय पोलीसदल एका वेळी सगळ्या देशात पुरत नाही, म्हणून तेही पाळीपाळीने फिरवले जाते. ही अडचण खरी आहे. तथापि एकाच महसुली जिल्ह्यातले दोन तुकडे एकाच टप्प्यात घ्यावेत, एवढे करणे अशक्य कोटीतले दिसत नाही. जिल्हाधिकारी एकच, पोलीस अधीक्षक एकच. २०१९ साली दोन मतदानांत पाच दिवसांचे अंतर होते, २०२४ मध्ये ते सतरावर गेले.

ज्यांना हा विषय आकड्यांनिशी तपासावासा वाटेल त्यांच्यासाठी एक माहिती देतो. निकालानंतर तीस दिवसांत प्रत्येक उमेदवाराला खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे सादर करावा लागतो, आणि नियमाप्रमाणे एक रुपया भरून कोणालाही तो पाहता येतो. कोणत्या गावी किती वाहने फिरली, मंडपाला काय पडले, सभा कोठे कोठे झाल्या, हे त्यात असते. जालना मतदारसंघाचा हिशेब जालन्यात मिळेल. परतूर-घनसावंगीत झालेला लोकसभेचा खर्च पाहायचा असेल, तर मात्र परभणीची गाडी धरावी लागेल.